अँबॅसेडरची कॅमशाफ्ट आणि मधला बुश

कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारी शाफ्ट, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये शेवटपर्यंत गेली, पण बोटांनी फिरेना. टॅपेट अजून बसवलेले नव्हते, चेन चढवलेली नव्हती, डिस्ट्रिब्यूटरचा ड्राइव्हही बाहेर होता. अशा वेळी तेल लावलेली शाफ्ट दोन बोटांत फिरायला हवी, आणि इथे तर स्प्रॉकेट मुठीत धरून जोर करावा लागत होता.

गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यातली जुनी अँबॅसेडर, १४८९ सीसीच्या, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) घडणीच्या इंजिनाची. या इंजिनात कॅमशाफ्ट तीन बुशांवर, म्हणजे ब्लॉकमध्ये दाबून बसवलेल्या धातूच्या कड्यांत, फिरते. ती पुढूनच आत सरकवावी लागते, म्हणून जर्नल, म्हणजे शाफ्टचे बुशात बसणारे गोल भाग, मागे मागे लहान होत जातात: पुढचा साधारण १.७९ इंच, मधला १.७३, मागचा १.६२. बुश आणि जर्नल यांच्यात जागा असते ती जेमतेम एक ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग).

आधी मला शाफ्टला मागेपुढे सरकू न देणाऱ्या पुढच्या लोकेटिंग प्लेटचा संशय आला. ती सोडली, तरी शाफ्ट तेवढीच जड. मग शाफ्ट वाकलेली आहे का, हे पाहायला ती व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावला. काटा जवळजवळ हललाच नाही. खरे तर हे आधीच लक्षात यायला हवे होते, कारण वाकलेली शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी अडते आणि ही सगळीकडे सारखीच जड होती. शेवटी तिन्ही जर्नलना निळा रंग पुसट लावून शाफ्ट एक फेरा फिरवली आणि बाहेर काढली. पुढच्या व मागच्या बुशात रंग सगळीकडे पसरला होता. मधल्यात मात्र समोरच्या कडेला खाली आणि मागच्या कडेला वर, एवढाच. बुश तिरका रीम झाला होता, म्हणजे त्याचे भोक आतून कापून मापात आणताना तिरके कापले गेले होते.

नवे बुश एकाच लांब बारवर, एका रेषेत रीम करायचे असतात. मशीन शॉपमध्ये ते हातरीमरने एकेक करून केले होते. मी विचारायला गेलो, तेव्हा तिथले जुने कारागीर म्हणाले, "अहो, पॉलिश पेपर मारा, इंजिन चालले की आपोआप मोकळी होते." इतक्या वर्षांच्या माणसाने असे सांगावे, याचा मला राग आला आणि वाईटही वाटले.

परत येऊन बुशात टॉर्च मारला, तेव्हा तेलाचे छिद्र चंद्रकोरीएवढेच उघडे दिसले. खाली मेन बेअरिंगच्या बैठकीतून तार वर घातली, ती बुशाच्या पाठीला अडली. बुश दाबताना छिद्र जुळवलेच नव्हते. मी पेपर मारून शाफ्ट मोकळी केली असती, तर ती सुरेख फिरली असती आणि मधला जर्नल तेलावाचून जळाला असता.

ब्लॉक दुसरीकडे नेला, तिन्ही बुश नव्याने दाबून घेतले, लाइन रीमिंग होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. आता शाफ्ट दोन बोटांत फिरते, प्लेट आवळल्यावर मागेपुढे पाच थाऊ सरकते, आणि ऑइल गॅलरीत तेल दाबले की तिन्ही बुशांतून बाहेर येते.

त्याच मशीन शॉपमधून यापूर्वी दोन ब्लॉक मी करून आणले होते. ते मी फक्त हाताने शाफ्ट फिरवून पास केले. छिद्र पाहिले नाही, तार घातली नाही. दोन्ही गाड्या रस्त्यावर आहेत. मालकांना फोन करून सांगितले आहे, पण मधला बुश पाहायचा तर शाफ्ट काढावी लागते, आणि चालत्या गाडीचे इंजिन पुन्हा उघडू द्या, हे त्यांना कसे पटवावे, याचाच मी विचार करतो आहे.