ऐकू आलं असेल तरच हो म्हण

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं, त्या दिवशी कामावरून घरी यायला मला रात्रीचे साडेनऊ झाले होते. पाकिटावर शाळेचा शिक्का दिसला आणि चप्पल न काढता दारातच उभं राहून वाचलं. 'शाळेच्या सर्वांगीण आठवणी लिहाव्यात' असं बाईंनी कळवलं होतं. बाई, क्षमा करा. बसले लिहायला, पण कागदावर एकच माणूस येत राहिला.

भोपळे सर.

सरांचं खरं आडनाव हजेरीपटावर होतं, पण आपल्याकडे ज्यांनी गणित शिकलं त्यांना ते सांगावं लागणार नाही. मिरजेच्या ब्राह्मणपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आढ्याला कडू भोपळे टांगलेले असायचे, पंढरपूरकडून आलेले, मोठाले, वाळून खडखडीत झालेले. पोरांनी नाव ठेवलं. सरांच्या कानावर गेलं, तेव्हा ते वर्गात म्हणाले, "भोपळ्याला आतून पोकळ व्हायला वर्ष लागतं, तुम्ही घाई करू नका," आणि फळ्याकडे वळून प्रमेय लिहायला लागले.

सरांचा दिवस कसा जायचा हे आम्हाला फार उशिरा कळलं. पहाटे वडिलांचं सगळं आवरायचं, कारण त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली होती. मग शाळा. शाळा सुटल्यावर सहा ते नऊ एका लाकडाच्या वखारीत हिशेब. दोन बहिणींची लग्नं त्यांनी त्या वखारीच्या पैशावर केली. काकू शिवणकाम करायच्या, त्यामुळे सकाळी तिन्ही मुलींच्या सहा वेण्या सर घालायचे, आणि त्या वेण्या संध्याकाळपर्यंत सुटायच्या नाहीत. हे मी स्वतः पाहिलंय.

उरला रविवार. वडिलांची अंघोळ झाली, बाजार आणून झाला, की दुपारी दोनला सर पोतं अंथरून बसायचे आणि तंबोरा करायचे. घराण्यात हा धंदा नव्हता. शाळकरी वयात ते सतारमेकर गल्लीत दुकानांच्या पायरीवर जाऊन बसत, कारागिरांना पाणी आणून देत, कानस पुसून देत, आणि बघत. तेवढंच शिक्षण. वखारीचे मालक कधी तूनच्या लाकडाचा चांगला तुकडा बाजूला काढून ठेवायचे. वर्षाला एक तंबोरा व्हायचा, कधी दोन वर्षांत एक. विकला एकही नाही. पैसे घेतले की रविवारसुद्धा वखारीचा होईल, असं काकूंना सांगायचे.

१९८३ साली मी आठवीत होते. स्नेहसंमेलनाच्या तालमीनंतर शाळेचा तंबोरा उचलून संगीताच्या खोलीत नेताना माझा पाय परकरात अडकला. भोपळा दगडी पायरीवर आपटला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. उभी चीर गेली, गळ्यापासून खाली हातभर. घरी सांगायची हिंमत नव्हती. संध्याकाळी वखारीशी जाऊन उभी राहिले. सरांनी वहीतून मान वर केली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी दोनला ये की. जुनं धोतर असेल घरात तर एक तुकडा आण."

सहा रविवार गेले. पहिल्या रविवारी सरांनी तापवलेली पातळ सुरी फिरवत सरस सोडवला आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, उचलली. आतून भोपळा पहिल्यांदाच पाहिला, जुन्या घराच्या माळ्यासारखा वास होता त्याला. चिरेला बाहेरून दोरी आवळली, आतून माझ्या आजोबांच्या धोतराच्या पट्ट्या सरसात बुडवून एकावर एक बसवल्या. लाकडाचा भुसा चाळून, सरसात कालवून फटीत भरला. मग नुसतं वाळू द्यायचं. दोन रविवार मी फक्त हात लावून बघितलं आणि परत गेले. सरांनी एकदाही माझ्या चुकीचा विषय काढला नाही. काकू मात्र दर वेळी काहीतरी खायला द्यायच्या, चिवडा नाहीतर गूळ-शेंगदाणे.

सहाव्या रविवारी तारा चढल्या. पंचम, मधले दोन जोड, शेवटी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा. आणि जवारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी हलका उतार असतो, आणि तार त्या उतारावर ओझरती लागत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालतात. तो केसभर पुढेमागे सरकवला की एका जागी आवाज उघडतो, तारेतून वरचे स्वर फुटू लागतात. ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

सर दोरा सरकवत होते. "आता?"

मी म्हटलं, "हो."

थोडा सरकवला. "आता?"

"हो सर."

सरांनी हात थांबवला. रागावले नाहीत. "मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. ऐकू आलं असेल तरच हो म्हण."

मग मी किती वेळ गप्प बसले, कोण जाणे. दर्ग्याकडून संध्याकाळची अजान झाली, मुली खेळून घरी आल्या. सर दोरा सरकवत होते, छेडत होते, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. आणि एका क्षणी खर्ज उघडला. खोलीभर झाला. मी "हो" म्हणायच्या आधीच सरांचा हात थांबला होता.

त्यानंतर त्यांनी तार बरोबर मधोमध छेडली. "वर काही ऐकू येतंय?" मला वरचा सा स्पष्ट ऐकू येत होता. तसं सांगितलं. सर नुसते हसले.

तीन वर्षांनी अकरावीच्या भौतिकशास्त्रात वाचलं की तार मधोमध छेडली तर वरचा सा त्यातून यायलाच नको. मध्य हा त्या कंपनाचा स्थिर बिंदू, तिथं छेडून ते कंपन जागं होत नाही. मी अस्वस्थ होऊन सरांकडे गेले. म्हटलं, मला भास झाला असणार. सर मुलीची वही तपासत होते. म्हणाले, "ऐकू आलं होतं ना? मग आलं होतं. पुस्तकात का नाही, ते शोध. मलाही सांग."

मी पुढे यंत्र अभियांत्रिकीला गेले. आज पुण्यात गाड्यांचा आवाज आणि कंपनं तपासण्याच्या कामात मला एकतीस वर्षं झाली, सत्तावीस जणांचा विभाग माझ्याकडे आहे. एका कारखान्यात एकदा गिअरच्या बारीक कुईकडे कानाडोळा करून अहवालावर सही करा, म्हणून वरून फार रेटा आला होता. आकडे मर्यादेत बसत होते. पण मला ती कुई ऐकू येत होती. मी सही केली नाही. पुढे गिअर उघडला तेव्हा एका दात्यावर ओरखडा निघाला. त्या आठवड्यात मला पगारवाढ मिळाली नाही आणि शांत झोप लागली.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर २००८ साली सापडलं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्याला असताना, १९२१ मध्ये, वीणा आणि तंबोऱ्यावर निबंध लिहिला होता. त्यात हेच आहे: घोडीच्या वक्र माथ्यामुळे तो नियम तंबोऱ्याला लागू पडत नाही, जे स्वर यायला नकोत तेसुद्धा जोरकस येतात. निबंधात दोऱ्याचाही उल्लेख आहे. मी प्रयोगशाळेत एकटीच होते. सरांना फोन करावा म्हणून हात गेला. सर २००१ मध्येच गेले होते.

मध्यंतरी मिरजेला आले होते. २०२४ मध्ये आपल्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान वाटतोच. पण किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात विसावले, त्या गावच्या आपल्या शाळेत प्रार्थनेला आता मोबाईलमधला तंबोरा लावतात. सूर पक्का असतो, मान्य. जवारी लावताना गप्प बसायची संधी मात्र त्या मुलांना मिळत नाही, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाई, संगीताच्या खोलीतल्या काचेच्या कपाटामागे गवसणीत तो तंबोरा अजून आहे, शिपाईमामांनी दाखवला. भोपळ्यावरची उभी रेघ बोटाला लागते, सांधा कुठेही सुटलेला नाही. तारा गंजल्यात. समारंभाच्या आदल्या दिवशी मी येते. तारांचा जुडगा आणि सुताचा दोरा मी आणते. सरांची धाकटी मुलगी कोल्हापूरहून येणार आहे. आठवीतली दोन-तीन मुलं दुपारी दोनला थांबवून घ्या, आणि खोलीची किल्ली तेवढी काढून ठेवा.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९८६