पंचवीस सामन्यांचा पाहुणा

अपस्टेट न्यूयॉर्कमधल्या एका एएचएल (अमेरिकन हॉकी लीग) संघाचं सामान मी सांभाळतो. स्केट्सना धार लावायची, जर्सीवर नावं शिवायची, ओले ग्लोव्ह्ज वाळवायचे. एएचएल ही एनएचएल या आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगच्या खालची पायरी. वर कुणी जायबंदी झालं की आमचा खेळाडू उचलतात आणि ती जागा भरायला आम्ही आमच्याही खालच्या ईसीएचएल लीगमधून माणूस आणतो.

त्या शुक्रवारी आमचे दोन डिफेन्समन (बचावपटू) वर एनएचएलमध्ये गेले. दुपारी तिशी ओलांडलेला एक गडी बॅग ओढत दारात हजर. करार प्रोफेशनल ट्रायआउटचा, म्हणजे जास्तीत जास्त पंचवीस सामने. टेक्सास, जर्मनी, स्वीडन फिरून आलेला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

"धार किती?"

"पाच अष्टमांश इंच."

पात्याच्या तळाला लांबीभर पन्हळ असते. खोल असली तर बर्फ घट्ट धरते, उथळ असली तर पाय सहज घसरतो, दम वाचतो. पाच अष्टमांश म्हणजे उथळ; याला तशीच हवी होती. मी धार लावत होतो तोवर तो नवे कडक ग्लोव्ह्ज चढवून मुठी आवळत-सोडत बसला.

जोडीदार होता विशीतला पोरगा. दोघेही डावखुरे. म्हणजे एकाला उजव्या बाजूने खेळणं आलं, जिथे बोर्डालगतचा, म्हणजे कडेच्या कठड्यालगतचा पक (रबरी चकती) उलट्या हाताने घ्यावा लागतो. "उजवी मी घेतो," पाहुणा म्हणाला. मग एकच प्रश्न : "तू रिव्हर्स ओरडलास की पक कुठे सोडू? कोपऱ्यात की जाळीमागे?" रिव्हर्स म्हणजे पक आला त्याच दिशेला मागे जोडीदारासाठी सोडणं. पोरगा म्हणाला, कोपऱ्यात. झाली ओळख!

बेंचमागून मी पाहत होतो. दुसऱ्या सत्रात तो पक घेऊन जाळीमागे वळला, पाठीवर प्रतिस्पर्धी. पोरगा ओरडला. याने मान न वळवता पक बोर्डावर आपटून मागे कोपऱ्यात सोडला. धक्का याने खाल्ला, पोरगा मोकळा सुटला. असल्या खेळाची आकडेवारीत नोंद नसते आणि प्रेक्षकही टाळ्या वाजवत नाहीत. पुढे एक फटका अडवताना स्केटचं पातं बोथटलं. बेंचवर आला, मी नवं पातं बसवलं, पुढच्या शिफ्टला परत बर्फावर.

आमच्याकडे शुक्रवार ते रविवार तीन रात्रींत तीन सामने हा नेहमीचा छळ. तिन्ही सामन्यांत कोचने ती जोडी मोडली नाही. रविवारी परतीच्या बसमध्ये पोरगा टॅब्लेटवर व्हिडिओ लावून त्याच्या शेजारी जाऊन बसला, शंका विचारायला. पाहुणा खुशाल घोरत होता.