सेव्हिलचं सान लुईस: पिळदार खांबांचं चर्च

स्पेनमधल्या सेव्हिलला गेलेला प्रवासी आधी कॅथेड्रल आणि हिराल्दा मनोरा बघतो, आणि बघायलाच हवा. पण स्पॅनिश बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातली भरगच्च, नाट्यमय सजावटीची शैली, मला खरी भिडली ते सान लुईस दे लोस फ्रान्सेसेस या चर्चमध्ये. शहरातल्या माकारेना भागाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर ते उभं आहे. मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे विटा आणि कोरीव दगडाचा दर्शनी भाग, दोन अष्टकोनी मनोरे, सगळं मान वर करून तुकड्यातुकड्यानं पाहावं लागतं.

आत मात्र एका नजरेत सगळं समोर येतं. समान लांबीच्या चार बाहूंच्या क्रुसासारखी रचना, मधोमध उंच घुमट आणि सभोवती सोळा प्रचंड पिळदार खांब. जेरुसलेममधल्या सॉलोमनच्या मंदिरात असे खांब होते, अशी जुनी समजूत; म्हणून त्यांना सॉलोमनचंच नाव मिळालं. दगडाला पीळ दिला की खांब वर चढतोय असं वाटतं आणि नजर आपोआप घुमटाकडे जाते. तिथे लुकास वाल्देसनं रंगवलेल्या भित्तिचित्रांत खरं बांधकाम कुठे संपतं आणि चित्रातलं कुठे सुरू होतं, ते मला बराच वेळ उमगलं नाही. खाली पेद्रो दुके कोर्नेहोच्या सोनेरी वेदी. त्यांत आरसेही बसवलेले, म्हणजे प्रकाशसुद्धा सजावटीत सामील!

हा थाट नुसत्या श्रीमंतीचा नाही. हे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या नवदीक्षितांचं चर्च होतं. घर सोडून आलेल्या तरुणांसमोर रोज त्यांच्याच पंथातले संत उभे असायचे. त्यांत फ्रान्सिस झेवियरची वेदी दिसली आणि मी थबकलो. जुन्या गोव्यात बॉम जेझुसमध्ये ज्यांचे अवशेष आहेत, तेच हे!

वास्तुकार लिओनार्दो दे फिगेरोआनं १६९९ मध्ये काम सुरू केलं, चर्च पूर्ण झालं १७३१ मध्ये. त्याआधी वर्षभरच फिगेरोआ वारला. आणि १७६७ मध्ये राजा तिसऱ्या कार्लोसनं जेझुइटांना स्पेनमधून हाकललं. बत्तीस वर्षं खपून उभारलेली वास्तू त्यांना जेमतेम छत्तीस वर्षं लाभली, याची मला फार हळहळ वाटते. आज ती सेव्हिलच्या प्रांतिक प्रशासनाकडे आहे आणि तिकीट काढून पाहता येते. कॅथेड्रल पाहून पाय दुखत असले तरी हे चर्च टाळू नका.