सेन्सर बदलायच्या आधी

जर्मनीत गाडी वापरायची म्हणजे दर दोन वर्षांनी तिला तपासणीला न्यावं लागतं. ब्रेक, दिवे, टायर, खालचा गंज सगळं बारकाईने बघतात आणि त्यातच धुराची चाचणीही येते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असेल तर गाडी या चाचणीत अडकते. २०१८ पासून सायलेन्सरच्या तोंडाशी नळी घालून प्रत्यक्ष मोजमाप करणंही पुन्हा सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालं आहे. त्यामुळे पिवळा दिवा दिसला की ‘बघू पुढे’ म्हणून इथे चालत नाही. माझ्या मते ते योग्यच आहे.

आमची गाडी चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल. दिवा लागला तेव्हा चालवताना फार काही जाणवत नव्हतं. आयडलला हलकी थरथर होती आणि अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं होतं, इतकंच. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पडद्याकडे पाहिलं आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या वाटेतल्या दोनपैकी इंजिनाजवळचा) गेलाय, बदलून टाकू, असं सांगितलं. मी त्याला थांबवलं, कारण पडद्यावर एक नाही तर बिघाडाचे दोन कोड होते. पी०१३३, म्हणजे पुढच्या सेन्सरचा प्रतिसाद मंद आहे. आणि पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे.

या दुसऱ्या कोडवरून सेन्सर बदलणारे पुष्कळ भेटतात. पण ‘मिश्रण लीन आहे’ हे सांगतोय कोण? सेन्सरच. तो इथे साक्षीदार आहे. त्याची साक्ष खरी असेल, तर त्याला काढून दुसरा बसवल्यावर तोही तेच सांगणार आणि दिवा पुन्हा लागणार. तुमच्यापैकी अनेकांकडे आता छोट्या इंजिनाच्या टर्बो गाड्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

थोडं कामाबद्दल. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमकं साधलं की लॅम्डा १. त्याहून हवा जास्त तर लीन, कमी तर रिच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही प्रकारचे विषारी वायू एकदम साफ करतो तो लॅम्डा १ च्या अगदी आसपासच, म्हणून धुरातल्या ऑक्सिजनवर सतत नजर ठेवावी लागते. बॉश कंपनीने असा सेन्सर १९७६ मध्ये उत्पादनात आणला आणि अमेरिकेत जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांमध्ये तो पहिल्यांदा बसला. आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं, त्यावर प्लॅटिनमचा थर. तापल्यावर ते दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार व्होल्टेज देतं.

जुन्या, नॅरोबँड प्रकारात हे व्होल्टेज रिचला ०.९ च्या जवळ आणि लीनला ०.१ च्या जवळ असं उड्या मारतं. आजच्या बहुतेक टर्बो गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पुढे वाइडबँड असतो. तो नुसतं लीन की रिच एवढंच न सांगता किती लीन, किती रिच हेही सांगतो. बूस्ट आल्यावर, म्हणजे टर्बो दाबाने हवा आत ढकलू लागला की, इंजिन थंड राखायला मिश्रण मुद्दाम रिच केलं जातं, तेव्हा हा आकडा लागतोच. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची गफलत होते ती इथे: ते वाइडबँडवर ०.१ ते ०.९ ची उडी शोधतात, ती दिसत नाही, आणि चांगला सेन्सर बाद ठरवतात. वाइडबँडचं वाचन लॅम्डा किंवा मिलीअ‍ॅम्पिअरमध्ये बघायचं. कन्व्हर्टरच्या मागचा दुसरा सेन्सर मात्र सहसा नॅरोबँडच असतो.

कोडबरोबर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या क्षणाची नोंद साठवून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. ती उघडून पाहिल्याशिवाय कोड पुसू देऊ नका. आमच्या नोंदीत इंजिन गरम होतं, गाडी आयडलला उभी होती आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक १८ टक्के. म्हणजे ईसीयू हिशेबापेक्षा १८ टक्के जादा पेट्रोल घालून मिश्रण सावरत होता. पाच टक्क्यांपर्यंत वर-खाली असणं निरोगी समजतात, दहाच्या पुढे गेलं की कारण शोधावं. मग रेस वाढवून २५०० आरपीएमवर धरली, तर एकूण ट्रिम पाचच्या आसपास उतरला.

या एका निरीक्षणाने दिशा मिळाली. पेट्रोलचा पंप किंवा इंजेक्टर कमी पडत असता, तर भार वाढल्यावर ट्रिम वाढला असता. इथे उलटं झालं. आयडलला इंजिन हवा थोडी घेतं, त्यामुळे चोरवाटेने आत येणारी जरा जास्तीची हवाही मोठी ठरते. रेस वाढली की तीच हवा एकूण हवेत नगण्य होते. म्हणजे कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरत होती.

टर्बो गाडीत गळती कुठे आहे यावर सगळं ठरतं. हवा मोजणाऱ्या सेन्सरपासून टर्बोपर्यंतच्या नळीत चीर असेल तर टर्बो बाहेरची हवा ओढतो आणि मिश्रण लीन होतं. टर्बो ते थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) या भागात चीर असेल तर बूस्टमध्ये मोजलेली हवाच बाहेर निसटते आणि मिश्रण रिच होतं, वर पिकअप पडतो. थ्रॉटलच्या पुढे, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डला चीर असेल तर आयडलला लीन. आणि टर्बो ते डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) या जोडातलं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा सेन्सरपाशी पोचून मिश्रण ठीक असतानाही तो लीन दाखवतो. पुढचा सेन्सर टर्बोच्या पुढे न बसवता मागे, डाउनपाइपवर बसवतात, कारण टर्बाइनआधीची उष्णता आणि दाब त्याला मानवत नाही. पण त्यामुळे हा एक जोड त्याच्या वाटेत येतो. तो आधी तपासावा.

इथे तासावर भाड्याने मिळणारी वर्कशॉप असतात. लिफ्ट, हत्यारं, कॉम्प्रेसर सगळं तिथलं, काम आपलं. मला हा प्रकार मनापासून आवडतो. अडलं तर शेजारच्या लिफ्टखालचा माणूस स्वतःहून टॉर्च धरायला येतो. तिथे धूर सोडायचं यंत्र होतं. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये कमी दाबाने धूर भरला आणि दिवा मारून पाहत राहिलो. डाउनपाइपच्या जोडापाशी गळतीची खूण नव्हती. मॅनिफोल्डला जाणाऱ्या ब्रीदरच्या नळीजवळून (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ ती परत आत नेते) मात्र धुराची बारीक रेघ वर यायला लागली. नळी वाकवली तेव्हा खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडली. कडा कडक, तेलकट. नळीतली एकदिशा झडपही चिकटली होती. फुंकर मारली तर दोन्ही बाजूंनी हवा जात होती.

झडपेसकट नळी बदलली, कोड पुसला, गाडी चालवली. आयडलचा ट्रिम तीन टक्क्यांवर आला. लीनचा कोड गेला, म्हणजे त्या बाबतीत सेन्सर खरं बोलत होता.

तरी मंद प्रतिसादाचा प्रश्न शिल्लक होता. त्याची परीक्षा रस्त्यावर घेतली. शेजारी बसणाऱ्याने फोनवर दोन्ही सेन्सरचे आलेख लावायचे आणि मोकळ्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून मी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडायचा. ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि एक्झॉस्टमधून निव्वळ हवा जाते. पुढच्या सेन्सरने ते तत्काळ दाखवायला हवं. मागचा उशिराच दाखवणार, कारण मधला कन्व्हर्टर आधी ऑक्सिजन शोषून घेतो. आमच्या गाडीत दोन्ही रेषा जवळपास एकदम हलत होत्या, आणि पुढची रेष उभी चढण्याऐवजी तिरकी, रेंगाळत चढत होती. सेन्सरला तापवणाऱ्या हीटरचा फ्यूज, कनेक्टरपर्यंतचं वायरिंग आणि हीटरचा रेझिस्टन्स मोजून झाला होता, सगळं ठीक. आता सेन्सर बदलायला कारण होतं.

जुना सेन्सर काढणं हे या कामातलं सगळ्यात अवघड. वर्षानुवर्षं लालभडक होणाऱ्या पाइपात त्याचे आटे बसून गेलेले असतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, काढायच्या आधी इंजिन थोडा वेळ चालवून पाइप कोमट केला. उकळता गरम नको, हात भाजतो आणि आटेही ओरबाडतात. सेन्सरसाठी वायर जायला फट असलेलं २२ मिलिमीटरचं सॉकेट मिळतं, तेच घ्यावं. साध्या पान्याने कोपरे गोल होतात. सोडवताना अडखळला तर जोर न लावता अर्धा आटा परत आवळायचा, तेल मारायचं, पुन्हा सोडवायचं. एकदा करकरून सुटला की मग हाताने निघतो.

टोक पाहिलं तर जाळीवर तपकिरी-करड्या राखेचं कवच बसलेलं. काळी काजळी असती तर मिश्रण रिच म्हटलं असतं, पांढरा थर असता तर कूलंट किंवा सिलिकॉनचा संशय. ही राख जळलेल्या इंजिन ऑइलची. चिकटलेल्या झडपेशी तिचा दुवा जुळतो: बूस्टचा दाब क्रँककेसमध्ये शिरला की टर्बोमधून तेल नीट खाली उतरत नाही, सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं आणि त्यातलं फॉस्फरस, जस्त सेन्सरवर बसतं. झडप तशीच ठेवून नवा सेन्सर घातला असता तर त्याचीही हीच गत झाली असती.

नवा सेन्सर पार्ट नंबर जुळवूनच घ्या. वायर कापून जोडायचे ‘युनिव्हर्सल’ सेन्सर वाइडबँडला नकोत, कारण अनेकांच्या कनेक्टरमध्येच त्या सेन्सरपुरता कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो. आट्यांना ग्रीस लावूनच येतं, वर आणखी थापू नका आणि टोकाला तर अजिबात लागू देऊ नका. हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवा, मग टॉर्क रेंच. आमच्यासाठी ५० न्यूटन मीटर होता, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. वायर मूळच्याच क्लिपांतून न्या, पाइपला टेकली तर वितळेल.

कोड पुसल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही कोरी होते. थंड स्टार्ट, शहरातलं थांबत जाणं, हायवेवरचा एकसारखा वेग असं सगळं झाल्यावरच त्या ‘रेडी’ होतात. तपासणीला गाडी त्यानंतर न्यायची. आमच्या गाडीत सगळ्या रेडी झाल्यावर तोच उतार पुन्हा घेतला. पुढच्या सेन्सरची रेष पेट्रोल बंद होताच सरळ वर गेली, मागची काही वेळाने खाली उतरली. ऑइलची पातळी मात्र मी अजून दर पेट्रोल भरताना बघतो, कारण सीलमधून तेल जायचं खरोखर थांबलं की नाही हे त्यावरूनच कळणार आहे.