कुलूप कोणाचं?

फवारणीच्या ड्रोनच्या टाकीत 10 लिटर औषध कालवलेलं, वारा पडलेला, आणि मोटरी काही सुरूच होईनात. रिमोटवर तांबडी पट्टी: उड्डाणबंदी क्षेत्र.

बाग दिंडोरीच्या अंगाला, नाशिकच्या ओझर विमानतळाच्या हद्दीपासून साधारण 9 किलोमीटर. 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत ग्रीन झोन, परवानगी लागत नाही. फवारणी तर वेलींवर जेमतेम 10 फुटांवरून! पायलटचं सर्टिफिकेट आहे, ड्रोनला यूआयएन (सरकारी नोंदणी क्रमांक) आहे. पण ड्रोन बनवणाऱ्या कंपनीच्या नकाशातलं बंदीचं वर्तुळ वेगळं, आणि मोटरी त्याच नकाशाचं ऐकतात.

बागायतदार म्हणाले, "भाऊ, लायसन सरकारचं ना? मग कुलूप कोणाचं?"

कुलूप काढायला कंपनीच्या साइटवर अर्ज. त्यात जागा, तारखा आणि फ्लाइट कंट्रोलरचा, म्हणजे ड्रोनच्या आतल्या उड्डाण सांभाळणाऱ्या भागाचा, सिरियल नंबर (बॉडीवरचा नव्हे, गफलत इथेच होते). मंजुरी आली तरी रिमोटला नेट जोडून ती ड्रोनमध्ये उतरवायची, मग सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची. बागेत रेंजची एक कांडी. म्हणजे हे सगळं आदल्या रात्री घरच्या वायफायवर उरकलेलं बरं.

कालवलेलं औषध उद्यापर्यंत थोडंच थांबतंय? शेवटी ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला.