डब्याच्या नावाचा रणगाडा

मॉडेलच्या खोक्याचं झाकण काढलं की मी आधी प्लास्टिकचे भाग बघत नाही, डेकलचा कागद बघते. गाडीवर चिकटवायचे आकडे आणि खुणा त्या तळहाताएवढ्या कागदावर छापलेल्या असतात. गाडी कोणाची, हे तो कागदच ठरवतो. सेंच्युरियनच्या खोक्यात कोरियात लढलेल्या ब्रिटिश पलटणींचे आकडे निघतात, एएमएक्स-१३ च्या खोक्यात फ्रान्सचे, शर्मनच्या खोक्यात अमेरिकेचे. हे तिन्ही रणगाडे आपल्या सैन्याने वापरले. १९६२ मध्ये सहा एएमएक्स-१३ विमानाने लडाखमधल्या चुशूलला उतरवले होते. १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत सेंच्युरियनही होते आणि शर्मनही. पण माझ्या हातात आलेल्या एकाही खोक्यातून भारताचा आकडा निघाला नाही.

पावसाळ्यात नौपाड्यातल्या आमच्या घराच्या भिंतीला ओल आली आणि मॉडेलचं कपाट हलवावं लागलं. अकराही मॉडेलं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली, तेव्हा ते मला फार लागलं. त्यातली सात जर्मन. त्या रणगाड्यांच्या कारखान्यांची नावं, पलटणींची चिन्हं मला पाठ होती. आपल्या रणगाडा रेजिमेंटची चार नावं मात्र सलग सांगता आली नसती. त्या दिवशी ठरवलं, यापुढे ज्यात आपले जवान बसले तीच गाडी करायची. माप एकच, १/३५, म्हणजे खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं.

सुरुवात पीटी-७६ ने केली, आणि त्याला कारण त्याचं नाव. हा सोव्हिएत बनावटीचा १४ टनांचा हलका रणगाडा पाण्यावर तरंगतो. मागच्या बाजूला पाण्याचे दोन जोरदार झोत सोडून तो नदी पार करतो. तरंगायचं म्हणजे अंगावर जाड चिलखत चालत नाही, त्यामुळे याचा पत्रा अगदी पातळ. आपल्या जवानांनी याला ‘पिप्पा’ म्हणायला सुरुवात केली. पंजाबीत पिप्पा म्हणजे तुपाचा रिकामा डबा. हे वाचलं आणि मला पनवेलजवळच्या आमच्या गावची विहीर आठवली. आम्ही सगळी चुलत भावंडं पाठीला बंद डबा बांधून तिथे पोहायला शिकलो. काका काठावर दोर धरून उभे असायचे आणि म्हणायचे, डबा आहे तोवर घाबरायचं नाही. असल्या डब्यात बसून माणसं लढाईला गेली होती.

ती लढाई गरीबपूरची. २० नोव्हेंबर १९७१ च्या रात्री १४ पंजाबची पलटण आणि तिच्यासोबत ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे १४ पीटी-७६ बोयऱ्याच्या बाजूने सीमेपलीकडे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात गेले. २१ तारखेच्या पहाटे दाट धुक्यातून पाकिस्तानचे चाफी रणगाडे त्यांच्यावर चालून आले. चाफीचं चिलखत पिप्पाहून जाड. तरी पाकिस्तानचा तो स्क्वाड्रन, म्हणजे रणगाड्यांची तुकडी, तिथे जवळजवळ संपला. आपल्या स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारग या लढाईत मारले गेले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. युद्ध अधिकृतपणे सुरू झालं ३ डिसेंबरला. म्हणजे हे सगळं त्याच्याही बारा दिवस आधीचं.

किट मिळवणं सोपं गेलं नाही. आयातीच्या यादीत मॉडेल किट खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतं. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. जे खोकं पूर्वी महिन्याच्या खर्चातून काढता यायचं, त्यासाठी आता वर्षभर पैसे बाजूला टाकावे लागतात. शेवटी खारघरच्या एका मॉडेल करणाऱ्या गृहस्थांकडे ट्रम्पेटर कंपनीचं पीटी-७६ न उघडता पडून असल्याचं कळलं. त्यांची नजर अधू झाली होती. पैसे घ्यायला तयार होईनात. मग मी माझा एक पूर्ण केलेला जर्मन पँथर रणगाडा त्यांना दिला.

पहिले तीन आठवडे मी काहीच चिकटवलं नाही, फक्त तोफेचं टोक बघितलं. पीटी-७६ च्या तोफेला दोन तऱ्हेची टोकं येतात. जुन्या प्रकारात टोकाला बारीक खाचांची रांग असते. नंतरच्या प्रकारात दोन मोठी भोकं असतात आणि नळीवर धूर ओढून घेणारा फुगवटा असतो. चुकीचं टोक लावलं तर रणगाडा भलत्याच सालातला होतो. १९७१ चे फोटो काळेपांढरे, बरेचसे धूसर, आणि त्यातही तोफेच्या टोकापाशी हमखास कोणीतरी जवान हात ठेवून उभा. जेवढे फोटो मिळाले तेवढे भिंगातून बघून निर्णय घेतला आणि त्यातल्या एका फोटोची प्रत कामाच्या टेबलासमोर लावली.

मग एका शनिवारी पहाटे माळशेजमार्गे नगरला गेले. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन, विजयंता, पकडून आणलेला पॅटन असे कितीतरी रणगाडे उघड्यावर उभे आहेत. मी बघायला गेले होते पोलादाचा पृष्ठभाग. सेंच्युरियनचा टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, ओतीव आहे, जवळून बघितलं तर त्याची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. सपाट पत्रे जोडलेल्या ठिकाणी वेल्डिंगची जाड, वेडीवाकडी शिवण दिसते. पिप्पाचा टरेट आणि अंग दोन्ही वेल्ड केलेल्या पत्र्यांचे. म्हणजे त्यावर ओतीव खडबडीतपणा येता कामा नये आणि शिवणी मात्र स्पष्ट हव्यात. हे पुस्तकातही लिहिलेलं असतं, पण उन्हात तापलेल्या त्या शिवणीसमोर उभं राहून बघितल्याशिवाय मला ते खरं कळलं नव्हतं.

आणि त्याच शिवणी मी घालवल्या. पहिला रंगाचा हात बिघडला म्हणून तो पुसायला हार्डवेअरच्या दुकानातून साधा एनसी थिनर आणला. तो रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळवतो. बोळा फिरवला आणि डाव्या बाजूचा पत्रा लोण्यासारखा मऊ झाला, शिवण सपाट. कोणी नवीन असेल तर एवढं लक्षात ठेवा: प्लास्टिकच्या मॉडेलला एनसी थिनर लावायचा नाही. ॲक्रिलिक रंग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. मी दोन दिवस त्या मॉडेलला हात लावला नाही. मग किटच्या चौकटीचा तुकडा समईच्या ज्योतीवर धरून ताणला, केसाएवढी तार निघाली. ती जोडावर चिकटवून, गोंदाने मऊ करून सुरीच्या टोकाने एकेक वळी उमटवली. चार सेंटिमीटरच्या शिवणीला एक रविवार लागला. आता तीच बाजू मी समोर ठेवते.

रंगाचं थोडक्यात सांगते. भारतीय मानकांच्या रंगतक्त्यात २२० क्रमांकाचा ऑलिव्ह ग्रीन आहे, रंगाच्या दुकानात ते कार्ड बघायला मिळतं. तो तसाच्या तसा लावला तर वीस सेंटिमीटरच्या मॉडेलवर काळपट दिसतो, कारण मोठी वस्तू आपण लांबून बघतो आणि मधल्या हवेने तिचा रंग फिका होतो. म्हणून थोडा पिवळा आणि किंचित पांढरा मिसळला. ठाण्याच्या जुलैमध्ये लॅकर फवारलं की हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरका धुरकटपणा येतो, म्हणून शेवटचे हात गणपती होऊन गेल्यावर दिले.

खरी अडचण पुढे आली, पांढऱ्या आकड्यांची. डेकलचा कोरा कागद विकत मिळतो, पण घरातला किंवा दुकानातला प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, पांढरं म्हणजे त्याला कागदच. हिरव्या रणगाड्यावर पांढरा आकडा हवा असेल तर काय करायचं? ब्रशने हाताने काढून बघितला. आकड्याची उंची सात मिलिमीटर, रेषा एक मिलिमीटर, आणि दोन आकडे कधीच सारखे येईनात. स्टेन्सिल कापली, तर कडेखालून रंग झिरपला.

मार्ग सुचला तो भाचीच्या लग्नपत्रिका आणायला गेले तेव्हा. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात स्क्रीन प्रिंटिंग चालतं. तिथे गडद मरून कागदावर पांढऱ्या शाईतला गणपती वाळत घातला होता. इतका बारीक, की उंदराच्या मिशा दिसत होत्या. मी पर्समधून डेकलचा कागद काढला.

“दादा, यावर ही पांढरी शाई धरेल?”

त्यांनी कागद उजेडात धरला, बोटाने चोळला. “धरेल ना. पण ताई, हा कागद तर पाण्यात सुटतो. पत्रिका कशाची करताय?”

“पत्रिका नाही. रणगाड्याचे नंबर आहेत, १९७१ चे.” मी मोबाईलवर फोटो दाखवला.

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “या दोनचं शेपूट आपल्या फाँटमध्ये नाही. हाताने रंगवलेलं आहे कोणीतरी. फाँट वापरू नका, तुम्ही काढून आणा, मी तसंच उतरवतो.” मी सात पट मोठे आकडे ट्रेसिंग पेपरवर काढून नेले आणि त्यांनी ते फिल्मवर लहान केले. एका कागदावर तेच आकडे चाळीस वेळा बसले. मी म्हटलं, एवढे कशाला? ते म्हणाले, “वाया जातातच.” खरंच, पहिले सहा वाया गेले. सातवा बसला. आधी चकचकीत वार्निशचा हात, मग डेकल, मग पाणी घातलेल्या व्हिनेगरचा एक थेंब, म्हणजे खाली हवेचे चंदेरी डाग राहत नाहीत.

चिखलासाठी मी फार मोठी चूक केली होती. वाटलं, चिखल तो चिखल, आणि चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला खाडी आहेच. डबाभर गाळ आणला, वाळवला, चहाच्या गाळणीने चाळला आणि गोंदात कालवून चाकांना लावला. सुंदर बसला. चार दिवसांनी सगळ्या चाकांवर पांढरं मीठ फुटून आलं. सगळं कोमट पाण्याने धुऊन काढावं लागलं. शिवाय आपल्या खाडीचा गाळ काळा, दगडच काळा आपला. गंगेच्या मुखाकडची माती करडी-पिवळसर, पिठासारखी. त्यामुळे टाईल्सच्या फटीत भरायची करडी पावडर, प्लास्टर आणि थोडा पिवळा रंग असं मिश्रण केलं. किटच्या कागदावर आणि बहुतेक परदेशी मॉडेलांवर जी कोरडी धूळ दाखवतात ती मी एक कणभरही लावली नाही. नोव्हेंबरमधली बंगालची पहाट, धुकं पडलेलं. पत्रा दवाने ओला असणार. म्हणून वरच्या भागावर मंद चमक राखली. पायाच्या फळीवर भाताची कापणी झालेलं शेत केलं. खोडं केरसुणीच्या काड्यांची, चिमूट चिमूट करून ओळीत लावलेली. भाताचं खोड किती उंच राहतं ते मला कोणाला विचारावं लागलं नाही.

राहिला माणूस. किटबरोबरच्या आकृत्यांना सोव्हिएत पद्धतीच्या फुगीर टोप्या होत्या. मला झाकणातून अर्धा वर आलेला सरदार कमांडर हवा होता. पीटी-७६ मध्ये माणसं तीनच, आणि कमांडरच नेमही धरतो आणि तोफही डागतो. पुढे बघायचं, हुकूम द्यायचे आणि मारायचंही, हे सगळं एकट्याने, धुक्यात. त्याच्या डोक्यावरची पगडी मी एम-सीलची केली. सात मिलिमीटरची पगडी, आठ वेळा मोडली. आमच्याच सोसायटीत पाचव्या मजल्यावर एक सरदारजी राहतात, सत्तरी उलटलेले. नवव्या पगडीच्या वेळी मी ती डबीत घालून, भिंग घेऊन त्यांच्याकडे गेले आणि कशासाठी आहे ते सांगितलं.

ते काही बोलले नाहीत. भिंगातून बघत राहिले. मग आतून त्यांचं पगडीचं कापड आणलं आणि आरशाशिवाय, माझ्यासमोर, सावकाश बांधून दाखवलं. प्रत्येक घडीला थांबत होते, मला वहीत काढता यावं म्हणून. बांधून झाल्यावर डबीतल्या त्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बेटा, यहाँ सामने की तह थोड़ी ऊपर. लड़ाई में भी सीधी बाँधते हैं.”

एम-सील अजून घट्ट झालं नव्हतं. तिथेच त्यांच्या टेबलावर बसून टाचणीने ती घडी वर उचलली.