हतनूरच्या पाण्यावर शीड: वर्षभराच्या नोंदी

दसऱ्यानंतर

नाव पाण्यात कधी घालायची हे कॅलेंडर ठरवत नाही, धरणाचे दरवाजे ठरवतात. भुसावळजवळच्या, तापीवरच्या हतनूरला 41 दरवाजे. तापीला मध्य प्रदेशातून आणि पूर्णेला विदर्भातून पूर आला की ते उघडतात आणि चांगदेवच्या संगमापासून भिंतीपर्यंतचं सगळं पाणी ओढ घेतं. एक जरी दरवाजा उघडा असला तरी शीड चढवायचं नाही. सगळे बंद झाल्यावरही आठ दिवस थांबायचं. पुरात आलेले ओंडके पाणी पिऊन जड होतात आणि पृष्ठभागाच्या बोटभर खाली तरंगतात. वरून दिसत नाहीत, लागले की सुकाणूच्या बिजागऱ्या उखडतात. जलाशय जलसंपदा विभागाचा आहे, लेखी परवानगीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नावेतच ठेवलेला बरा.

नाव एंटरप्राइझ जातीची. फायबरची, सुमारे चार मीटर लांब, दोन शिडांची: एक मोठं, आणि पुढे छोटी जिब. नुसता सांगाडाच नव्वद किलोच्या आसपास भरतो. साठी ओलांडलेल्या दोघांनी ती उचलायची नसते, घरंगळवायची असते. 110 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचे दीड-दीड मीटरचे तीन तुकडे पुरतात. मागचा मोकळा झाला की उचलून पुढे टाकायचा. जळगावात राहून पाइपाला तोटा नाही.

मास्ट, म्हणजे डोलकाठी, उभी करण्याआधी मान वर करून आकाश बघायचं. नदीकाठी शेतीपंपांच्या तारा जागोजागी लोंबलेल्या असतात आणि मास्ट अॅल्युमिनियमची, सहा मीटरच्या घरातली. ही एक चूक दुरुस्त करता येत नाही.

मास्टला तीन तारा: एक पुढे, दोन बाजूंना. चालू नावेत वाऱ्याकडची तार ताठ आणि आडोशाची, म्हणजे वाऱ्याच्या उलट बाजूची, किंचित सैल दिसली की ताण बरोबर आहे. आडोशाची तार लोंबत असेल तर जिबची पुढची कड पोट काढते आणि नाव वाऱ्यावर चढत नाही. प्रत्येक पिनेवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारायचे. उघड्या पिनेत जिबचा दोर अडकतो, पीन सुटते आणि मास्ट आडवी होते. बाजूच्या तारांवर ठिबकची 16 मिलिमीटरची जुनी नळी उभी चिरून चढवली आहे. शीड घासत नाही, आणि या कामासाठी बाजारात मिळणाऱ्या महागड्या नळ्या पाहिल्या की हसू येतं.

बाकी सगळी मांडणी एकाच प्रश्नावर ठरली: दोघांपैकी एकाला चक्कर आली, पाय आखडला, तर दुसऱ्याला एकट्याने नाव काठाला आणता येईल का? म्हणून दोन्ही शिडांचे चढवायचे दोर मास्टच्या बुडाशी, बसल्या जागेवरून हात पोचेल असे. म्हणून जिब गुंडाळायची पुली. आणि म्हणूनच दर फेरीला सुकाणू आणि जिब यांची अदलाबदल. एकानेच कायम सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने फक्त दोर ओढायचे, ही सवय बहुतेक जोडप्यांना लागते. ती वाईट.

कार्तिक ते पौष

सकाळी नऊला पाणी आरसा. रात्रीची थंड हवा दरीत तळाशी बसलेली असते आणि वरचा वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो. ऊन चढून जमीन तापली की अकराच्या सुमारास वारा खाली उतरतो. साडेचारनंतर पुन्हा मरतो. म्हणजे दिवसाची कमाई पाच तासांची. नऊच्या आधी जाण्यात दुसरीही अडचण असते. भोई आणि कोळी रात्रीची जाळी सकाळी उचलतात. जाळ्याची टोकं रिकाम्या बाटल्यांनी किंवा थर्मोकोलने दाखवलेली असतात. दोन बाटल्यांच्या मधून जायचं नाही, टोकाला वळसा घालायचा. सेंटरबोर्ड, म्हणजे नावेच्या बुडातून खाली सोडायची फळी, खाली असला की मीटरभर पाणी कापतो, आणि जाळं फाटलं तर ती त्यांची दिवसाची रोजी आहे.

हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेचा, ईशान्येचा. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. धरणाची भिंत जलाशयाच्या पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा काही मोडलं तर नाव वाहत चांगदेवकडे, भिंतीपासून दूर जाते. हिवाळ्यात तीच नाव वाहत भिंतीकडे जाते. म्हणजे मंद, गोड वाटणारा वारा जास्त धोक्याच्या दिशेचा. थंडीत नांगर तयार ठेवूनच निघायचं: चार किलोचा घडीचा नांगर, पुढे दोन मीटर साखळी आणि तीस मीटर दोर. पाणी पाच मीटर असेल तर दोर किमान पंचवीस मीटर सोडायचा. कमी सोडला तर नांगर गाळात शिरत नाही, नुसता फरफटत येतो.

मंद वाऱ्यातच शीड शिकता येतं. जिबवर, पुढच्या कडेपासून वीतभर मागे, दोन्ही बाजूंना लोकरीचे पंधरा सेंटिमीटरचे धागे चिकटवायचे. एंटरप्राइझची शिडं निळी, म्हणून धागा पांढरा किंवा पिवळा. दोन्ही धागे सरळ मागे वाहिले की शीड बरोबर. वाऱ्याकडचा धागा वर उडू लागला तर नाव वाऱ्याच्या फार जवळ गेली: थोडं वाऱ्यापासून दूर वळा, नाहीतर दोर ओढा. आडोशाचा धागा गिरक्या घेऊ लागला तर शीड जास्त ओढलं गेलंय: दोर सोडा. नवशिक्याचा हात कायम ओढण्याकडे जातो. चारपैकी तीन वेळा उत्तर सोडण्यात असतं. हलक्या वाऱ्यात दोघांनीही पुढे सरकून बसायचं, नाहीतर मागची फळी पाण्यात बुडते आणि पाणी ओढत नेल्यासारखी नाव जड चालते.

थव्याने बसलेल्या पाखरांपासून लांब राहायचं. पट्टकादंब, चक्रवाक इथे विश्रांतीला आलेले असतात. मोटर नाही म्हणून जवळ गेलं तर चालतं, हा गैरसमज आहे. आवाज न करता अंगावर येणारं मोठं निळं शीड त्यांना जास्त बिचकवतं.

संक्रांत

वारा नाही. मेहरूणची बोरं.

होळी

पाणी उतरायला लागलं की हतनूरचा खरा तळ दिसतो: गाळ. मागच्या महिन्यात दोन मीटर असलेल्या जागी आता कमरेएवढं पाणी. सेंटरबोर्ड टेकल्याचा आवाज येत नाही, नाव फक्त मऊ होते, मंदावते. तेव्हा सुकाणू फिरवत बसू नये. आधी बोर्ड अर्धा वर घ्यायचा, मग वळायचं. उतरून ढकलणं तर मुळीच नाही. गाळात पाय मांडीपर्यंत जातो आणि निघत नाही.

जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते. पश्चिमेचा वारा दोन दिवस लागला की पूर्वेचा काठ हिरवा होतो. सकाळी मोकळी असलेली उतरायची जागा दुपारी बंद झालेली असू शकते, म्हणून परतायच्या दोन जागा ठरवून निघायचं. नाव कारण नसताना जड झाली, सुकाणू हातात थरथरू लागलं, की पात्याला मुळ्या अडकल्या. बोर्ड दोन सेकंद वर, पुन्हा खाली; सुकाणूचं पातं उचलून झटकायचं. घट्ट गुंता असेल तर विळा. विळ्याला दोरी बांधलेली असावी, पाण्यात पडलेला विळा परत मिळत नाही.

उथळ पाण्यात नाव उलटली तर मास्टचं टोक गाळात रुततं. म्हणून टोकाला पाच लिटरचा घट्ट झाकणाचा रिकामा कॅन बांधला आहे. दिसायला गबाळं, पण पाच किलोचा उचल देतो आणि नाव पूर्ण पालथी होत नाही. तरीही रुतलीच, तर मदतीला आलेल्या डोंग्याला दोर मास्टला बांधू द्यायचा नाही, मास्ट वाकते. बाजूची तार नावेच्या कडेला जिथे जोडली आहे तिथे दोर द्यायचा आणि मास्ट ज्या दिशेला गेली तिच्या बरोबर उलट दिशेला, सावकाश ओढायचं.

आखाजी (अक्षय्य तृतीया)

खान्देशचा वारा आता सुरू होतो. तापीचं खोरं पश्चिमेला उघडं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा. दुपारी पश्चिमेचा वारा त्यातून नळीतून आल्यासारखा येतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

वारा मोजायचं यंत्र आहे, पण काठावरची केळी जास्त विश्वासू. पानांच्या कडा हलतात तोवर दोन्ही शिडं पूर्ण. पानं फडफडून आवाज करू लागली की मोठं शीड एक घडी कमी करायचं. पानं उलटी होऊन पांढुरकी बाजू दिसली की काठ. पाण्यावर फेसाचे पांढरे तुरे सर्रास दिसू लागले म्हणजे वारा 11 ते 16 नॉटमध्ये (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेला. आठ नॉटचा सोळा झाला की शिडावरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून घडी काठावरच घालून निघायचं. पाण्यावर घालू, असं म्हणणाऱ्याला दोन हात कमीच पडतात.

वारा पाठीवर असताना शीड एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातं तेव्हा बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या बुडाची आडवी काठी, डोक्याच्या उंचीवरून जातो. या वयात जोराच्या वाऱ्यात ते करूच नये. वाऱ्याच्या तोंडावरून मोठा वळसा घ्यावा. वीस सेकंद जास्त लागतात, कवटी शाबूत राहते.

उलटल्यावरचा क्रम तोंडपाठ हवा. आधी एकमेकांना हाक. मग दोन्ही शिडांचे दोर सोडलेले आहेत ना, ते बघणं. एकाने नावेच्या आतल्या बाजूला पाण्यात आडवं राहायचं, बैठकीचा पट्टा धरून. दुसऱ्याने मागून वळसा घालून सेंटरबोर्डवर, बुडाला लागून उभं राहायचं आणि वरून टाकलेला जिबचा दोर धरून मागे झुकायचं. बोर्डच्या टोकावर उभं राहिलं तर तो मोडतो. नाव उभी होताना आतला माणूस आपोआप आत उचलला जातो. बाहेरच्याला कडेवरून चढणं साठीनंतर जमत नाही, आणि ओल्या कपड्यांनी तर नाहीच. म्हणून मागच्या फळीला दोन मीटर पट्टी, टोकाला पायापुरता फास, पाण्याखाली हातभर लोंबेल असा. जीवरक्षक जॅकेट 100 न्यूटन तरंगशक्तीचं आणि मांड्यांतून जाणारा पट्टा आवळलेला. नाहीतर जॅकेट तरंगतं आणि माणूस त्यातून खाली सरकतो. पाणी उपसायला दोन बादल्या, बांधलेल्या.

हे सगळं एकदा वारा नसताना, छातीएवढ्या आणि टणक तळाच्या पाण्यात करून बघायचं. नुसतं वाचून हात चालत नाही.

मृगाच्या आधी

दुपारी चारला सातपुड्यावर ढग फुलकोबीसारखा वर गेला, वारा एकदम पडला, उकाडा वाढला, की पंधरा मिनिटं हातात आहेत असं धरून चालायचं. वळवाचा पहिला झोत थंड असतो, धूळ घेऊन येतो आणि कोणत्याही दिशेने येतो. मोठं शीड ताबडतोब खाली, जिब गुंडाळलेली, वल्ही बाहेर. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या परिसरातली सगळ्यात उंच धातूची काठी आपलीच असते.

पहिल्या मोठ्या पावसाआधी नाव बाहेर. काळ्या मातीत एक पाऊस पडला की ट्रेलरचं चाक आसापर्यंत जातं. घरून ट्रेलर आणला की तो लगेच पाण्यात घालायचा नाही. रस्त्यावर बेअरिंग तापलेलं असतं, थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ग्रीसचा लोणी-ताकासारखा रंग झाला की समजावं, हेच झालंय. अर्धा तास थांबायचं. चहा होतो तेवढ्यात.

श्रावण

दुरुस्त्या. फायबरचे तडे एप्रिल-मे मध्ये भरू नयेत. 42 अंशांत रेझिन वाटीतच गोठतं, वाफाळतं. हार्डनर फार कमी टाकला तर ते कायम चिकट राहतं. आता हवा बरी, पण दमट. जागा आधी दोन दिवस सुकवायची, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून ॲसिटोनने पुसायची. रेझिन एका वेळी शंभर ग्रॅमच, हार्डनर दीड ग्रॅमच्या आसपास. काचतंतूची चटई तड्यापेक्षा चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर मोठी, आणि दुसरा थर पहिल्यापेक्षा मोठा.

शिडाचं कापड दिसतं तितकं लवकर जात नाही. आधी शिवण जाते. खान्देशी उन्हात दोरा कुजतो. नखाने टाका उचकटून बघायचा, तुटला तर ती अख्खी ओळ पुन्हा शिवायची, दोरा पॉलिएस्टरचाच. शीड घडी करून नव्हे, गुंडाळून ठेवायचं, माळ्यावर, पण उंदरांना पोचणार नाही अशा दोरीवर. पुल्या साबणाच्या पाण्यात धुवायच्या, तेल घालायचं नाही. तेलाला तापीचा गाळ चिकटतो आणि पुढच्या दसऱ्याला पुली करकरते.